बॉक्साचं पोट

आळे गावात कांदा साठवायची बांबूची चाळ बांधायची निघाली की लोक आधी कुंडलिक मिस्तरीचं घर गाठायचे. कुंडलिकच्या घराण्यात सुतारकाम कुणी केलेलं नव्हतं, सगळी शेतीतली माणसं. पण एका साली त्यानं स्वतःची चाळ स्वतःच्या हातानं उभी केली, तिच्यातला कांदा दिवाळीपर्यंत कडक राहिला, आणि शेजाऱ्यांनी परस्पर त्याला मिस्तरी करून टाकलं. त्यानंही फार आढेवेढे घेतले नाहीत. कानावर पेन्सिल अडकवायला लागला, आणि बोलताना प्रत्येक गोष्टीला ‘मोजून सांगतो’ असं शेपूट लावायला लागला. मोजून सांगतो, पाऊस दुपारनंतर येणार. मोजून सांगतो, ह्या च्यात साखर न्हाई. हातात पट्टी नसली तरी चालायचं.

चाळीच्या बाबतीत मात्र तो खरंच मोजायचा. दोन बांबूंच्या मध्ये दोन बोटं फट. कमी ठेवली तर कांद्याला घाम फुटतो, जास्त ठेवली तर बारकी गोलटी बाहेर डोकं काढून रस्ता बघत बसते. हवा खेळली पाहिजे, हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं की त्याची बायको कुशाबाई चुलीवर तवा टाकताना तेच म्हणून त्याला चिडवायची.

बांबू यायचा मढकडून. मढच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथला जानकू दर फाल्गुनात टेंपोभर बांबू घेऊन उतरायचा. साठीला टेकलेला, काटकुळा, डोक्याला मुंडासं, आणि एवढ्याशा छातीत न मावणारा खर्जातला आवाज. बांबू उतरवताना तो स्वतःशीच काहीतरी गुणगुणायचा, तेव्हा ओट्यावर ठेवलेला पितळी तांब्या थरथरायचा आणि त्याच्यावरचं फुलपात्र किणकिणायचं. जानकूबाबा आल्याचं मला टेंपोच्या आधी भांडी सांगतात, असं कुशाबाई म्हणायची.

चैत्रात त्यांच्या वाडीसमोर, ओढ्याच्या अलीकडं, मारुतीच्या देवळात सप्ताह बसायचा, आणि भजनाला पुढं उभा राहायचा जानकू. कुंडलिक दरवर्षी एक दिवस जाऊन मागच्या खांबाला पाठ लावून बसायचा. जानकूनं खालचा सूर धरला की खांबातून तो सूर पाठीत उतरायचा. चाळीच्या कामानं धरलेली पाठ तिथं मोकळी होते, असं त्याचं म्हणणं होतं. मोजून सांगतो, दोन मणक्यांचा फरक पडतो.

एवढं सगळं छान चाललेलं असताना पंच्याण्णव साली कुंडलिकनं माती खाल्ली.

झालं असं की त्याच्या मेहुण्याकडे लग्नात लावायचा कर्णा होता. कुंडलिकच्या मनात आलं, असला आवाज देवळाच्या चार भिंतींत कशाला कोंडून ठेवायचा. ओढ्यापलीकडच्या वाडीत जानकूची बायको लंकाबाई गुडघे धरून बसलेली असते, तिला देवळापर्यंत चढवत नाही. तिलाही घरबसल्या ऐकू जाऊ दे. म्हणून तो मोठ्या हौसेनं कर्णा, मशीन आणि ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन मढला गेला, देवळासमोरच्या उंबराला कर्णा बांधला आणि माईक जानकूच्या तोंडासमोर धरला.

कर्ण्याचं तोंड मोठं असतं, पण घसा बारीक. बारीक आवाज तो पार डोंगरापलीकडे फेकतो, जाड आवाज त्याच्या घशाखालीच उतरत नाही. जानकूचा आवाज आत शिरला रेड्याचा आणि बाहेर आला करडाचा. देवळातली माणसं आधी दचकली, मग एकमेकांकडे बघायला लागली, आणि मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी पदरात फिस्सकन हसलं. एकदा कुणी हसलं की भजन सावरत नाही. दुसऱ्या दिवशी वाडीतली पोरं तेलाचं रिकामं डबडं तोंडाला लावून हुबेहूब जानकू काढत होती.

जानकूनं ते भजन पुरतं केलं. धोतराच्या सोग्यानं टाळ पुसले, पिशवीत घातले, आणि त्यानंतर गायला नाही. पुढच्या सप्ताहाला विचारलं तर म्हणाला, घसा बसलाय. त्याच्या पुढच्यालाही बसलेलाच. तोच घसा संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या म्हशीला नावानं हाक मारायचा आणि म्हैस चरायची थांबून मान वर करायची, त्यामुळं घशाचं सगळ्यांनाच कळलं होतं. पण विचारणार कोण.

कर्णा काढून टाकावा, तर तेही जमेना. एकदा घरबसल्या भजन ऐकायची चटक लागल्यावर पलीकडच्या वाडीनं भजनी मंडळाला स्वतःचा कर्णा घ्यायला लावला. आता सप्ताह म्हणजे कर्णा, आणि कर्णा म्हणजे जानकू नाही.

ह्यात कुंडलिकला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर जानकू त्याला एका शब्दानं बोलला नाही हे. बांबू पूर्वीसारखाच यायचा, पेर न्‌ पेर तपासून. राम राम मिस्तरी, पोरं बरी हायेत का, सगळं पूर्वीसारखं. फक्त उतरवताना गुणगुणणं बंद झालं. ओट्यावर तांब्या गप्प उभा असायचा. कुंडलिकला त्या तांब्याकडे बघवेना. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं, आवाज आपण घालवला, तो आपणच आणून द्यायचा. जानकूबाबा माईकपुढं पुन्हा उभे राहिले पाहिजेत, आणि त्यांचा आवाज त्यांचाच निघाला पाहिजे.

आळेफाट्याला सोमाजी रेडिओवाल्याचं दुकान होतं. सोमाजीचं अर्धं आयुष्य टीव्हीच्या पाठीमागं गेलेलं, त्यामुळं त्याचं बोलणं टीव्हीसारखंच झालं होतं, चॅनल कधी बदलेल सांगता यायचं नाही. एक पाय मराठीत, एक हिंदीत, आणि वर इंग्रजीचं छप्पर. कुंडलिकनं सगळी हकिगत सांगितल्यावर तो खाली वाकून रेडिओच्या जोडांना सोल्डरचे डाग देत देतच बोलायला लागला. देखो मिस्तरी, सिंपल हाय. कर्णा म्हंजी ट्रेबल. तुमाला पायजे बेस. बारा इंची स्पीकर घ्या, जाड प्लायवूडचा बॉक्स करा, चारी बाजूंनी एकदम पॅक, आन् समोर खालच्या अंगाला पोर्ट काढा. पोर्ट काढला की बेस निस्ता पळत येतो.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सोमाजीच्या दातात त्या वेळी डाग द्यायची तार होती. त्याच्या पोर्टमधला ‘र’ त्या तारेला चिकटून राहिला आणि कुंडलिकच्या कानात पडलं, पोट काढा.

कुंडलिकला ते एकदम पटलं. पखवाजाला पोट असतं. ढोलकीला असतं. घागरीला असतं, रांजणाला असतं. जगात जे जे घुमतं त्याला त्याला पोट असतं. जानकूबाबा काटकुळे आहेत खरे, पण तो एक अपवाद. घरी जाऊन त्यानं प्लायवूडची पातळ फळी दोन दिवस गरम पाण्यात भिजवली, आतून बांबूच्या कामट्यांच्या फासळ्या मारल्या, आणि बॉक्साच्या पुढच्या अंगाला खालच्या बाजूनं असं काही गोल, गरगरीत पोट काढलं की स्वतःच चार पावलं मागं जाऊन बघत राहिला. काम इतकं सफाईदार झालं होतं की सांधा शोधून सापडू नये.

कुशाबाई भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आली. तिनं बॉक्साकडे एकदा पुढून बघितलं, एकदा बाजूनं बघितलं.

"कितवा महिना हाय?" तिनं विचारलं.

बॉक्स एम-एटी गाडीच्या मागं बांधून कुंडलिक आळेफाट्याला निघाला. चौकात एसटीची वाट बघणारी माणसं बॉक्साकडे बघून सरकून जागा द्यायला लागली. सोमाजी दुकानाच्या दारात आला, बॉक्स बघितला, आणि तिथंच पायरीवर बसला. हसता हसता त्याला ठसका लागला, शेजारच्या सलूनवाल्यानं पाणी आणून दिलं. आणि सलूनवाल्याला कळलं म्हणजे जगाला कळलं. त्या दिवसापासून फाट्यावर कुंडलिकचं नाव पडलं पोटवाले मिस्तरी.

"पोट न्हाई ओ राव. पोर्ट," सोमाजी डोळे पुसत म्हणाला. "भोक. फट म्हणा की फट."

"मंग तार काढून बोलायचं व्हतं," कुंडलिक म्हणाला आणि बॉक्स पुन्हा गाडीला बांधला.

फट म्हटल्यावर मात्र कुंडलिकच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. फटीतलं आपल्याला कुणी शिकवायला नको. पोट कापून टाकलं आणि त्या जागी ओळीनं सहा फटी मारल्या, दोन-दोन बोटांच्या, चाळीसारख्या. हवा अशी खेळली की बॉक्स आहे की नाही कळेना. स्पीकरचा सगळा दणका त्या फटींतून निसटून जायचा आणि समोर यायचा तो शेजाऱ्याच्या घरात रेडिओ लागल्यासारखा आवाज.

तेव्हा सोमाजीनं तार खाली ठेवून, दोन चहा सांगून, नीट समजावलं. स्पीकरचा पडदा पुढं जातो, मागं जातो. मागं गेला की आतली हवा दबते. ती दबलेली हवा पळून गेली तर काम फुकट. तिला एकाच वाटेनं काढायचं, आणि ती वाट लांबची ठेवायची. म्हणून एकच फट, बॉक्सभर रुंद, आणि आत फळी टाकून तिचा बोगदा करायचा, माळशेजच्या बोगद्यासारखा. त्या बोगद्यातली हवा जड गाडीसारखी हलते, उशिरानं निघते, आणि पुढच्या आवाजाच्या बरोबर येऊन मिळते. बोगदा जितका लांब तितका आवाज खाली उतरतो. फट जितकी उंच तितका वर चढतो.

कुंडलिक चहा विसरून ऐकत होता. कप गार झाला तेव्हा म्हणाला, "म्हंजी कांद्याला मोकळी हवा, आन् गाण्याला कोंडल्याली." सोमाजी म्हणाला, बरोबर. आणि जाता जाता पुन्हा पोट म्हणू नका असंही म्हणाला. पण कुंडलिकच्या जिभेला वळण पडलं ते पडलंच. शेवटपर्यंत त्या बोगद्याला तो पोटच म्हणत राहिला.

नवा बॉक्स झाला. तळाशी एक बोट उंचीची फट, आत हातभर लांब बोगदा. घरी लावून बघितला तर आवाज जाड आणि गोड. त्याच आठवड्यात गावातल्या हौशीरामच्या नव्या चाळीची पूजा होती. चाळ कुंडलिकनंच बांधलेली. पाव्हण्यारावळ्यांपुढं बॉक्स वाजवून बघायला ह्याहून चांगली जागा कुठली. त्यानं बॉक्स चाळीच्या एका टोकाला, रिकाम्या बारदानांच्या ढिगाजवळ ठेवला आणि ढोलकी जोरात असलेली कॅसेट लावली.

ढोलकीच्या पहिल्या थापेला बॉक्समधून आवाज आला, फुस्स.

दुसऱ्या थापेला पुन्हा, फुस्स.

हौशीरामची आई धोंडाबाई बारदानाच्या ढिगाला टेकून बसली होती. ती ह्या वयात इतकी चपळ असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. जनावर हाय, एवढंच म्हणून ती थेट पूजेच्या चौरंगापलीकडे जाऊन उभी राहिली. मग काय, पुरुष माणसं काठ्या घेऊन आली. एकानं सांगितलं, आधी गाणं बंद करा, आवाज कुठनं येतोय कळू द्या. गाणं बंद केलं तर फुसफुस बंद. बघा, दबा धरून बसलंय, हौशीराम हळू आवाजात म्हणाला. गाणं लावलं तर पुन्हा सुरू. म्हंजी डोलतंय, दुसऱ्यानं निकाल दिला.

कुंडलिकला पहिल्या फुस्सलाच कळलं होतं. एवढीशी फट, आणि ढोलकी सगळी हवा एकदम बाहेर ढकलतेय. सोसायटीच्या दुकानाच्या दारात रॉकेलला रेटारेटी व्हावी तशी हवा त्या फटीत रेटारेटी करत होती. पण चाळीत पन्नास माणसं, त्यातली निम्मी त्याला पोटवाले म्हणणारी. तोही काठी घेऊन सगळ्यांच्या बरोबर बारदानं उलटीपालटी करत राहिला.

बारदानं संपली तरी जनावर काही निघेना. तेव्हा धोंडाबाईनं वाटीभर दूध मागवलं आणि हात जोडून आवाजाच्या दिशेनं, म्हणजे बरोबर बॉक्साच्या फटीसमोर, नेऊन ठेवलं. पुढची थाप जरा जोराची होती. दूध वाटीतून उडालं आणि हौशीरामच्या पांढऱ्या शुभ्र लेंग्यावर पसरलं. हौशीरामनं लेंग्याकडे बघितलं, मग बॉक्साकडे, मग कुंडलिककडे.

"मिस्तरी," तो म्हणाला, "तुमच्या बॉक्साला दूध पचत न्हाई."

त्यानंतरचे दोन-अडीच महिने कुंडलिकनं फाट्याचं तोंड बघितलं नाही. दिवसा चाळींची कामं आणि दुपारच्या जेवणानंतर बॉक्स. फट अडीच बोटांची केली, कडा कानशीनं घासून घासून माठाच्या काठासारख्या गोल केल्या. फुसफुस गेली. पण सोमाजीनं सांगितल्याप्रमाणं फट उंच झाल्यावर आवाज वर चढला, आणि माणसाचं बोलणं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं यायला लागलं. मग बोगदा लांब केला. लांब करता करता फळी मागच्या भिंतीला जाऊन भिडली, वाटच बंद, आवाज मेला. मग मागच्या भिंतीपाशी अडीच बोटं जागा सोडून फळी वर वळवली. त्यानं आतली जागा कमी झाली आणि आवाज पुन्हा बारीक.

ते कोडं कुशाबाईनं सोडवलं, तेही न उठता. नळाखाली हंडा लावून ती आत भाकरी थापत असायची आणि हंडा भरायच्या बरोबर आधी बाहेर यायची. कुंडलिकनं एकदा विचारलं, तुला आतनं कसं कळतं. ती म्हणाली, त्यात काय, रिकामा असला की जाड वाजतो, भरत आला की बारीक. कुंडलिकनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात टाकला. मग उठला आणि आतली रिकामी जागा वाढावी म्हणून बॉक्स चार बोटांनी उंच केला.

आता बॉक्स वाजायचा, पण तरी मन भरेना. बोगद्याची फळी अर्धं बोट लांब झाली की ढोलकी सुरेख आणि माणूस घोगरा. अर्धं बोट तोकडी झाली की माणूस बरा आणि ढोलकी पोकळ. दर वेळी बॉक्स खोलायचा, फळी कापायची, बंद करायचा. शेवटी त्यानं चाळीच्या दाराला असते तशा सरकत्या फळीची युक्ती वापरली. बोगद्याची फळी पक्की ठेवली आणि तिच्यावर दुसरी सुटी फळी टाकली, बाजूच्या खाचांत सरकणारी. तिला खालून एक खुंटी. फटीतून लांब कामटी घालायची, खुंटीला लावायची, आणि बॉक्स न खोलता बोगदा हवा तेवढा लांब-तोकडा करायचा. हे मात्र सोमाजीलाही सुचलं नव्हतं.

फळी सरकवता आली, पण ती नेमकी थांबवायची कुठं? कॅसेटवरचे गाणारे सगळे शहरातले, गुळगुळीत गळ्यांचे. त्यांच्यावर माप बसवून जानकूच्या आवाजाला काय उपयोग. कुंडलिकला जसजसं हे उमगत गेलं तसतसा त्याचा चेहरा पडत गेला. जानकूबाबा गावेत म्हणून बॉक्स, आणि जानकूबाबा गायल्याशिवाय बॉक्स पुरा होत नाही.

नव्व्याण्णवचा फाल्गुन आला आणि टेंपो दारात उभा राहिला. जानकूनं बांबू उतरवले, गप्प. कुशाबाईनं चहा दिला. कुंडलिकच्या घरामागची चाळ नवा कांदा यायचा म्हणून झाडून मोकळी ठेवली होती, आणि तिच्यात मधोमध बॉक्स होता. चहा पिता पिता जानकूची नजर तिकडं गेली.

हे काय केलंय, असं त्यानं विचारल्यावर कुंडलिकनं चाळीची गोष्ट सांगावी तशी सांगितली. पोटाची सांगितली, दुधाची सांगितली. दुधापाशी जानकूच्या मिशा हलल्या. पण कर्ण्याचं नाव कुणीच काढलं नाही. मग कुंडलिकनं कॅसेट लावली. जानकू उकिडवा बसला आणि त्यानं तळहात फटीसमोर धरला.

"श्वास घेतंय," तो म्हणाला.

"व्हय. पण अजून धाप लागती त्याला," कुंडलिक म्हणाला. "माप बसंना. तुमच्या सुरावर बशिवतो. नुसता हं म्हणा."

जानकूनं हात काढून घेतला. घसा बसलाय, तो म्हणाला.

आता सगळं ह्या एका हं वर अडलं होतं. कुंडलिकला ते कळत होतं. चार वर्षं मनात घोळवलेलं माफीचं बोलणं ओठांशी आलं आणि तिथंच अडलं. त्याच्या तोंडून निघालं ते त्याच्या धंद्यातलं.

"गायचं न्हाई, बाबा," तो म्हणाला. "माप द्यायचंय. सदरा शिवायला अंग न्यावं लागतं का न्हाई? सदरा माझ्याकडं हाय. अंग तुमचं हाय."

जानकूनं बांबूंच्या ढिगाकडे बघितलं. जन्मभर माणसानं दुसऱ्याला माप दिलेलं, वीतभर बांबू कधी कमी दिला नाही. माप मागणाऱ्याला नाही म्हणणं त्याच्या हाडात नव्हतं. त्यानं मुंडासं सारखं केलं, माईक नको तितका लांब धरला, आणि म्हणाला, हं.

बॉक्स म्हणाला, हं. पण रांजणातून.

कुंडलिकनं कामटी घातली, फळी एक बोट आत ढकलली. जानकूनं पुन्हा हं दिला. आता घोगरा. अर्धं बोट पुढं. हं. दोन सूत, म्हणजे पाव इंच, मागं. हं. हळूहळू त्या कामात जानकूचं डोकं गुंतलं. माईक आपोआप जवळ आला. अजून थोडी मागं घ्या, तो म्हणाला. न्हाई न्हाई, लई झाली. हं. कुंडलिकचा हात कानशीनं सोललेला, घामानं कामटी निसटायची. तेव्हा जानकूनं ती त्याच्या हातातून घेतली. आपल्याच बांबूची कामटी ती. एका हातात माईक, एका हातात कामटी, डोळे मिटलेले, आणि तो केसभर केसभर फळी सरकवत राहिला, हं धरून.

एका जागी तो हं बॉक्सात मावेना. फटीतून निघाला तो थेट चाळीच्या बांबूंत शिरला, आणि दोन-दोन बोटांच्या फटींनी उभी असलेली ती सगळी रिकामी चाळ गुणगुणायला लागली. आढ्यावरची चिमणी उडाली. जानकूनं डोळे उघडून मागं वळून बघितलं, कोण गातंय म्हणून. मागं कुणी नव्हतं.

त्यानं कामटी अलगद बाहेर काढली. फळी तिथंच ठेवली. पुन्हा हं धरला, आणि ह्या वेळी त्या हं ला शब्द फुटले. कुंडलिकला एकदम आठवलं की आपला एक स्क्रू हरवलाय. तो पाठ करून, ओणवा होऊन, कोपऱ्यात स्क्रू शोधायला लागला आणि बराच वेळ शोधत राहिला. स्क्रू त्याच्या वरच्या खिशातच होता.

घराच्या ओट्यावरचं फुलपात्र तांब्यावर किणकिणत होतं, ते चाळीपर्यंत ऐकू आलं.

चैत्रात बॉक्स मढला गेला. उंबराचा कर्णा उतरवून बॉक्स देवळाच्या ओट्यावर ठेवला, तोंड ओढ्यापलीकडच्या वाडीकडं. मंडळातल्या एक-दोघांनी शंका काढली, एवढीशी पेटी, आवाज पोचेल का. कुंडलिक म्हणाला, मोजून सांगतो, पोचेल. खरं तर त्यानं काहीच मोजलं नव्हतं. दुपारच्या भजनाला जानकू उठला. पिशवीतून टाळ काढले, सोग्यानं पुसले. मग सगळ्यांच्या देखत वाकून फटीत कामटी घातली, फळी एक सूतभर मागं घेतली, जसा पखवाजवाला सूर लावायला पुडीच्या काठावर हातोडी मारून बघतो तशी. आणि माईकपुढं उभा राहिला.

ह्या वेळी कुणी हसलं नाही. डबडं घेऊन आलेली दोन पोरं डबडं मांडीखाली सारून बसली. कुंडलिक मागच्या खांबाला पाठ लावून बसला होता. सूर खांबातून आला, आणि बॉक्समधूनही आला, आणि दोन्हींत त्याला फरक सापडेना. भजन संपल्यावर जानकू त्याच्या शेजारी येऊन बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, गाणं छातीतनं न्हाई येत मिस्तरी, पोटातनं येतं. तुमी पयल्यांदाच बरोबर ऐकलं व्हतं.

पण खरा निकाल पलीकडच्या वाडीत होता. संध्याकाळच्या आत कुंडलिक ओढा ओलांडून गेला. लंकाबाई अंगणात गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. ह्यानं उभ्या उभ्याच विचारलं, मावशी, ऐकू आलं का. आलं की, ती म्हणाली. मग ह्यानं भीत भीत विचारलं, आवाज बाबांचाच वाटला का, की कर्ण्यासारखा.

लंकाबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली आणि थोडा विचार केला.

"आमचं धनी राती घोरत्यात तस्साच," ती म्हणाली. "एका सुताचा फरक न्हाई."

कुंडलिकनं कानावरची पेन्सिल काढली, आणि बॉक्सच्या आत ती फळी जिथं थांबली होती ते, निघताना कामटी घालून मोजलेलं माप, विसरू नये म्हणून, तिथंच तळहातावर लिहून घेतलं.